सिंगापूरमधील एकाकी वृद्ध आणि आमची बुधवारची फेरी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनी आम्हा सिंगापूरकर भगिनींना आपण आठवणीने बोलावलेत, याबद्दल मनापासून आभार. आम्ही चौघी निवृत्त परिचारिका. नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन वॉर्डात शिरलो त्या पस्तीस-चाळीस वर्षांनी बाहेर पडलो. त्यामुळे आमच्या बोलण्यात भाषणापेक्षा ड्यूटी बदलताना ओव्हर देतात तसा प्रकार अधिक आढळेल. तो चालवून घ्यावा.

सिंगापूर म्हटले की डोळ्यांपुढे उंच इमारती, स्वच्छ रस्ते आणि विमानतळ येतो. पाहुणे आले की आम्हीही तेच दाखवतो. आज मात्र त्या उंच इमारतींतल्या काही बंद दारांविषयी सांगायचे आहे.

आधी आपल्या धर्मबांधवांविषयी थोडेसे. वॉटर्लू स्ट्रीटवर १८७८ साली बांधलेले सिनेगॉग आजही उभे आहे. त्याचे नाव मागेन अबोथ. आपल्या अलिबागच्या सिनेगॉगचेही नाव तेच, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला नाव ऐकूनच घरी आल्यासारखे वाटते. ते बांधले बगदादी यहुद्यांनी. आपली मंडळी तिथे मूठभर, वेगळे प्रार्थनालय नाही. जपानी अंमलात १९४३ साली तिथल्या यहुदी कुटुंबांना चांगीच्या तुरुंगात आणि पुढे साइम रोडच्या छावणीत डांबण्यात आले. युद्ध संपल्यावर समाजातल्या गोरगरिबांकडे बघणारे कोणीतरी हवे होते, म्हणून १९४६ साली ज्यूइश वेल्फेअर बोर्ड स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष झाले डेव्हिड मार्शल. तेही जपान्यांचे युद्धकैदी म्हणून होक्काइदोला राहून परतले होते. १९५५ साली हेच मार्शल सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. बोर्ड आधी आणि मुख्यमंत्रिपद नंतर, हा क्रम आम्हाला फार आवडतो.

आमचे स्वतःचे काम मात्र आमच्या वस्तीतल्या समाजसेवा संस्थेमार्फत चालते. अशा संस्था सिंगापुरात पुष्कळ आहेत. कोणी घरपोच जेवण देते, कोणी दवाखान्यात नेऊन आणते. लायन्स बिफ्रेंडर्स ही १९९५ साली लायन्स क्लबांच्या पुढाकाराने निघालेली संस्था तर एकट्या वृद्धांना सोबत देण्यासाठीच आहे. सरकार पैसा देते, लोक देणग्या देतात, पगारी कर्मचारी असतात. पण जिने चढून दार ठोठावायला माणसे लागतात, ती आमच्यासारखी.

एवढे एकटे म्हातारे आले कोठून, असे आपल्याला वाटेल. तेही आपल्यासारखेच, देश सोडून आलेले. चीनमधून, तमिळ मुलुखातून एकटेदुकटे मजूर आले. डोक्याला लाल फडके बांधून इमारतींच्या कामावर राबणाऱ्या सामसुई बायका आल्या. पैसे गावी धाडले, संसार राहूनच गेला. चायनाटाऊनमध्ये सागो लेन नावाची गल्ली आहे, तिथे एके काळी मरणघरे होती. ज्यांचे कोणी नाही किंवा ज्यांच्या खोलीत मरायलाही जागा नाही, ते शेवटचे दिवस तिथे काढीत. १९६१ साली ती बंद करण्यात आली. ती पिढी आता जवळजवळ संपली. नंतरची पिढी वेगळ्या कारणांनी एकटी आहे. लग्न केले नाही, जोडीदार गेला, मुले परदेशी, किंवा मुलांशी पटत नाही. २०३० च्या सुमारास तिथल्या दर चार नागरिकांत एक जण पासष्टीच्या पुढचा असणार आहे.

आम्ही जातो ती घरे सरकारी गृहनिर्माण मंडळाची, भाड्याची, एका खोलीची. अगदी गरिबाला भाडे महिना सव्वीस डॉलरपासून. एकट्या माणसाला सहसा असे घर एकट्याला मिळत नसे, दुसरा एकटा शोधून दोघांनी मिळून अर्ज करायचा. म्हणजे उतारवयात एका अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत राहायचे. आमच्या यादीत दोन आजोबा होते. मधोमध कपाट उभे करून खोलीचे दोन भाग केलेले, बोलणे बंद, पंखा कोणी लावायचा यावरूनही तंटा. एके दिवशी त्यांतले एक खाली केंद्रात येऊन तिथल्या मुलीला म्हणाले, ‘त्याच्या चपला सकाळपासून दाराशीच आहेत.’ तिने वर जाऊन पाहिले तर दुसरे आजोबा तापाने फणफणलेले. बोलणे त्यानंतरही सुरू झाले नाही, हे सांगितले पाहिजे.

आमची फेरी बुधवारी दुपारी तीनला. दोघी-दोघींनी जायचे. पैशाला हात लावायचा नाही, औषध आपल्या हाताने द्यायचे नाही, एका घरातले दुसऱ्या घरात सांगायचे नाही, आणि जे दिसेल ते त्याच दिवशी केंद्रात कळवायचे. हे नियम आम्हा परिचारिकांना पहिल्यांदा फार जाचले. समोर सुजलेला पाय दिसतो आहे, पायाच्या बोटाला जखम आहे, माणूस मधुमेही आहे, आणि आपण ‘सुदा माकान?’ विचारत बसायचे! ‘सुदा माकान’ म्हणजे मलय भाषेत ‘जेवलात का?’ आपल्याकडे दारात आलेल्याला हेच विचारतात, तसेच तिथे. १९७९ पासून चिन्यांनी मँडरिनच बोलावे अशी मोहीम झाली, तरी पुष्कळ म्हाताऱ्यांना हॉकियन, कँटोनीज याच बोली येतात, आणि बाजारी मलय सगळ्यांना थोडीफार कळते. आपल्या मुंबईच्या बाजारी हिंदीसारखीच ती. आमचे निम्मे काम तिच्यावर चालते, उरलेले हातवाऱ्यांवर.

पण नियम बरोबर आहेत, असे आमचे आता ठाम मत आहे. एका घरी पॉलिक्लिनिकच्या औषधांच्या पिशव्या खिळ्याला टांगलेल्या दिसल्या. तारखा पाहिल्या तर दोन महिन्यांची औषधे तशीच. आम्ही तिथेच डबी भरून दिली असती तर आठवडाभर पुरली असती, आणि पुढे? केंद्रात कळवले. तिथली नर्स आली, सावकाश विचारले, तेव्हा कळले की त्या गृहस्थांना लेबल वाचता येत नव्हते, आणि गोळ्या संपल्या की पुन्हा दवाखान्यात खेप घालावी लागते म्हणून ते एक दिवसाआड घेत होते. मग औषधांची खेप कोणी करायची ते ठरले, आणि सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य, रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढला गेला. त्या घरातले आमचे काम एवढेच, की पिशव्या पाहिल्या.

पाहायचे काय, तेही सांगतो. फ्रिज उघडायला परवानगी मिळाली तर आत काय आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने फाडलेली आहेत का. पत्रे न फोडता साठली आहेत का. अंगाला, कपड्यांना वास येतो का. मागच्या बुधवारी उठून दारापर्यंत आलेले माणूस आज बसल्या जागेवरून हाक मारते आहे का. हे सगळे एका भेटीत कळत नाही. मागचा बुधवार माहीत असेल तरच आजचा कळतो.

म्हणूनच एक दिवस येणाऱ्यांविषयी आम्ही जरा कडक बोलतो. चिनी नववर्षाला पुष्कळ गट येतात. संत्री, तांदूळ, बिस्किटांचे डबे देतात, फोटो काढतात, गातातही छान. त्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण एकाच आजींकडे बिस्किटांचे अकरा डबे आणि फेब्रुवारीनंतर दारात चिटपाखरू नाही, असे आम्ही पाहिले आहे. आणि त्या आजी मधुमेही.

एका चिनी आंटींनी आम्हाला सात बुधवार दार उघडले नाही. तिथे लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचे दार असते. आम्ही जाळीतून हाक मारायची, आतून टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. नाव सांगून, ‘पुढच्या बुधवारी येतो’ म्हणून परत फिरायचे. आठव्या खेपेला लिफ्ट बंद होती, पोहोचायला उशीर झाला. हाक मारायच्या आत दार उघडले आणि आंटी रागावून म्हणाल्या, ‘सव्वातीन वाजले!’ आजही त्या आम्हाला चहा देत नाहीत. पण गुडघा दाखवतात.

२०२० साली ७ एप्रिलपासून करोनामुळे सगळे बंद झाले. केंद्रे बंद, घरभेटी बंद. आम्ही स्वतःच साठीच्या उंबरठ्यावर, आम्हालाही घरात बसायला सांगितले. मग टेलिफोन सुरू केले. दोन-दोन मिनिटांचे बोलणे, रोज. जूनमध्ये भेटी हळूहळू सुरू झाल्या, तरी एका अंकलनी रोजचा फोन बंद करू दिला नाही. तो आजही चालू आहे.

सिंगापूरने १९९५ साली कायदा केला. साठीच्या पुढच्या, स्वतःचे भागवू न शकणाऱ्या आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते. भारतातही २००७ साली असा कायदा झाला. चांगलेच झाले. पण न्यायाधिकरण पैसे देववू शकते, बुधवारी तीन वाजता कोणाला पाठवू शकत नाही.

आता आपल्याविषयी बोलतो, रागावू नये. आपल्या समाजाने रुग्णसेवेला पुष्कळ माणसे दिली. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटल सांभाळले, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नर्स झालेल्या आपल्या मुली तर घरोघर सापडतील. सेवा करण्यात आपण मागे नाही. सेवा करून घ्यायला मात्र आपल्याला कमीपणा वाटतो. आपल्यातल्याच एक वडीलधाऱ्या बाई, गाव सांगत नाही, सकाळी मोरीत पडल्या आणि संध्याकाळपर्यंत तशाच पडून होत्या. मुलगा परदेशातून रोज फोन करी, ‘सगळे ठीक आहे ना?’ आणि त्या रोज ‘ठीक आहे’ म्हणत. त्या दिवशीही, शेजारणीने उठवून बसवल्यावर, फोन आला तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणाल्या. मुलाला हे चार महिन्यांनी कळले. शेजारणीला तरी कसे कळले? दुधाची पिशवी दारात तशीच राहिली म्हणून.

मिन्यानसाठी आपण दहा जण मोजतो. जे आले त्यांची मोजणी होते. पूर्वी यायचे आणि आता येत नाहीत, त्यांची मोजणी कोणाकडे आहे? आम्ही मुकादमांना विचारले, ते म्हणाले, ‘डोक्यात आहे.’ मुकादमही आता पंचाहत्तरीला आले, तेव्हा डोक्यातले कागदावर यावे, एवढीच आमची विनंती. ज्यांचे लागोपाठ तीन शब्बाथ चुकले, त्यांना ठरलेल्या माणसाने ठरलेल्या दिवशी फोन करायचा. उत्तर आले नाही तर जवळच्याने दारापर्यंत जायचे. फोन करणारा स्वतः अंथरुणावर असला तरी चालेल, उलट तो वेळेवर करील.

त्यासाठी एक वही आम्ही बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी बाहेरच्या टेबलावर ठेवू. तीनच रकाने आखले आहेत. नाव, फोन नंबर, आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे. पहिल्या पानावर आम्ही चौघींनी आमची नावे आधीच लिहिली आहेत. तिसऱ्या रकान्यात दोघींची जागा कोरी आहे, ती या आठवड्यात भरायची आहे.