हिवाळ्याचे चार महिने : काही प्रवास, काही कुरबुरी

(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेच्या पन्नास वर्षांचे सिंहावलोकन करणारी विद्वत्तापूर्ण भाषणे आपण सकाळपासून ऐकलीत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा दुकानदार. तेव्हा जमाखर्चात जे कधी लिहिले जात नाही, अशा एका साध्या विषयावर मी बोलणार आहे. तो विषय म्हणजे आपल्या चिपळूणचा हिवाळा.

चिपळूण म्हटले की बाहेरच्या माणसाला पाऊस आठवतो. आपल्याही बोलण्यात पावसाळाच अधिक असतो. हिवाळा मात्र घरच्या माणसासारखा येतो आणि जातो, त्याची कोणी दखल घेत नाही. खरे पाहता घाटावरची मंडळी आपल्या थंडीला थंडी मानायलाही तयार नसतात. परंतु ज्याने पौष महिन्यात पहाटे वाशिष्ठीच्या पुलावर उभे राहून नदीवरचे धुके पाहिले आहे, त्याला ती ठाऊक आहे. आपले गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, डोंगरांच्या कुशीत खोलगट जागी वसलेले आहे. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, डोंगरउतारावरची जड, गार हवा खाली उतरते आणि नदीच्या खोऱ्यात साचून राहते. म्हणूनच पहाटे स्वेटर हवा आणि दुपारी बारा वाजता पंखा हवा, अशी आपली तऱ्हा. जानेवारी २०१३ मध्ये नागनाथ कोत्तापल्ले यांच्या अध्यक्षतेखाली ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी भरले, तेव्हा दूरदूरचे रसिक जाडजूड लोकरी कपडे घेऊन आले होते. त्यांतील काही मंडळी दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्या दुकानात सुती सदरा शोधत आली, हे मला चांगले स्मरते.

या थंडीचे गणित कापडाच्या व्यापाऱ्याला फार बारकाईने मांडावे लागते. सोलापुरी चादरी, पानिपतची ब्लँकेटे, लुधियानाचे स्वेटर, मफलर, कानटोप्या हा माल दिवाळीपूर्वी भरावा लागतो. थंडी पडली तर तीन आठवड्यांत तो उठतो. डिसेंबरात आकाश ढगाळ राहिले, की गिऱ्हाईक चादरीवरून नुसता हात फिरवते आणि ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून निघून जाते. मकरसंक्रांत सरली की उरलेल्या मालात डांबरगोळ्या घालून गठ्ठे माळ्यावर चढवायचे. त्यात अडकलेली रक्कम पुढच्या कार्तिकापर्यंत मोकळी होत नाही आणि व्याज मात्र थंडी-ऊन पाहत नाही. सुदैवाने तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि शालू-साड्यांच्या विक्रीवर दुकान तरते.

आंबा-बागायतदारांची काळजी याहून मोठी. हापूसला मोहोर येण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. थंडी लांबली तर आधीची बारीक फळे गळतात आणि झाडाला पुन्हा मोहोर फुटतो. ढग आणि धुके आले तर तुडतुडे आणि भुरी मोहोर करपवून टाकतात. म्हणजे थंडी हवी, पण बेताची आणि वेळेवर. दुकानात आलेला बागायतदार आधी आकाशाविषयी बोलतो आणि मग कापडाविषयी. त्याच्या मोहोरावर माझी वैशाखातली विक्री अवलंबून असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असते.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांतील हिवाळ्याला आणखी एक पैलू आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा आपला नियम जूनमध्ये सोपा असतो, कारण तेव्हा सात वाजले तरी उजेड असतो. नोव्हेंबरअखेर मात्र सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नेमक्या त्याच वेळी ग्रामीण भागातून आलेली मंडळी शेवटच्या एस.टी.पूर्वी खरेदी उरकण्यासाठी दुकानात गर्दी करतात. पावणेसहाला घरून बोलावणे येते आणि समोर लग्नाच्या बस्त्याचे पंधरा जण बसलेले असतात. या पेचाने किती दुकानदारांना हिवाळाभर उपाशी झोपवले असेल, याची मोजदाद नाही. आमच्या मातोश्री यावर उपाय म्हणून पाच वाजताच डबा दुकानात धाडीत. पेढीच्या मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी बसून केलेले ते पाच मिनिटांचे भोजन आजही जिभेवर आहे.

सकाळची गोष्टही तशीच. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली की आठ वाजत येतात. गारठ्यात चहाच्या पहिल्या घोटासाठी एवढा वेळ थांबणे ही तरुणपणी मोठी तपश्चर्या वाटे. परंतु शास्त्रकारांनी या ऋतूला काही सवलतीही दिल्या आहेत. उकाळलेल्या पाण्याची मर्यादा चातुर्मासात तीन प्रहर, उन्हाळ्यात पाच, तर हिवाळ्यात चार प्रहर. मिठाईची मर्यादा पावसाळ्यात पंधरा दिवस, उन्हाळ्यात वीस आणि हिवाळ्यात तीस. कोणत्या हवेत काय किती टिकते, याचे निरीक्षण त्यामागे आहे. म्हणूनच डिंकाचे लाडू आणि अडदिया यांचे डबे आपल्या घरी कार्तिकानंतर भरले जातात आणि मुंबई-पुण्याच्या मुलांकडे रवाना होतात.

आता थोडे प्रवासाविषयी. रेल्वे आणि मोटारी नव्हत्या तेव्हा दाभोळच्या खाडीतून गलबते गोवळकोटपर्यंत येत आणि तेथला माल बैलगाड्यांनी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जाई. हा सगळा उद्योग पाऊस सरल्यावरचा. म्हणजे हिवाळा हा चिपळूणचा पूर्वापार प्रवासाचा ऋतू आहे. माझ्या तरुणपणी इचलकरंजीची खरेदी म्हणजे पहाटेच्या एस.टी.ने कुंभार्ली घाट चढणे. शिरगाव, पोफळी मागे पडले की वळणे सुरू होत. खिडकीची काच हमखास अर्धवट अडकलेली असे. ती ना वर जाई ना खाली, आणि वारा नेमका मानेवर येई. घाटमाथ्यावर गाडी थांबली की इतर प्रवासी वाफाळता चहा घेत आणि आम्ही घड्याळात नवकारशीची वेळ पाहत कानटोपी सावरीत बसत असू. परतीच्या वाटेवर कऱ्हाडच्या अलीकडे-पलीकडे उसाने भरलेल्या ट्रॉल्या. त्यांना मागे दिवा नसे आणि धुक्यात त्या अगदी जवळ आल्यावरच दिसत.

मुंबईचा प्रवास वेगळा. मूळजी जेठा मार्केट किंवा मंगलदास मार्केटमध्ये सकाळी पोहोचायचे म्हणून रात्रीची गाडी धरायची. परशुराम घाट, भरणे नाका, कशेडी, महाड, माणगाव, वडखळ, पनवेल ही नावे झोपेतही ऐकू येत. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आमचा हा छळ संपला. अर्थात नवीन सुखाबरोबर नवीन कुरबूर येतेच. कोकणकन्येने येणारा माणूस पहाटेच्या ऐन गारठ्यात उतरतो. स्थानक वालोप्याला, गावाबाहेर. फलाटावरच्या लोखंडी बाकावर बसवत नाही, उभे राहिले तर गुडघे तक्रार करतात, आणि रिक्षावाला व प्रवासी यांच्यातील भाड्याची बोलणी धुक्यात बराच वेळ चालते. साठीच्या पुढचे आपले बांधव या फलाटावर एकटे उतरतात, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्याविषयी शेवटी बोलेन.

हिवाळ्याची एक आठवण मात्र कुरबुरीची नाही, भीतीची आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. कौले खडखडली, तांब्याचा बंब न्हाणीत आडवा झाला, आणि वडिलांनी आम्हा भावंडांना पांघरुणासकट उचलून अंगणात आणले. त्यानंतर कित्येक रात्री सगळी आळी उघड्यावर झोपली. घरात जाण्याचे भय आणि बाहेर थंडी, अशा त्या रात्री होत्या. वडिलांनी दुकान उघडून चादरींचे गठ्ठे बाहेर काढले आणि आळीत वाटले. त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. घाटापलीकडे कोयनानगरला त्या पहाटे दीडशेहून अधिक माणसे गेली. ज्या कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून उतरून आपल्या वाशिष्ठीला मिळते आणि भर हिवाळ्यातही नदी वाहती ठेवते, त्या कोयनेशी आपले नाते असे दुहेरी आहे.

आणि आता ज्या हिवाळ्याविषयी बोलल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही, तो २०२१ चा. २६ जुलै २००५ चा पूर आपण पाहिला होता. २२ जुलै २०२१ च्या पुराने त्याचीही आठवण पुसली. कापडाला पाणी लागले तर ते वाळवता येते. परंतु नदीचा गाळ धाग्यात शिरला की ते कापड कितीही धुतले तरी विक्रीयोग्य राहत नाही. पावसाळा संपेपर्यंत भिंती ओल्याच होत्या, रंग धरत नव्हत्या, गिलाव्यावर लोणा येत होता. ते सारे वाळवले हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्याने. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारपेठेतला प्रत्येक दुकानदार दारात काही ना काही उन्हाला घालून बसला होता. कोणी फळ्या, कोणी वह्या, कोणी देवाच्या तसबिरी. १८६४ साली स्थापन झालेले आपले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दोन्ही पुरांत सापडले, तरी पुन्हा उभे राहिले. नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले तेही त्याच हिवाळ्यात.

यावरून मला एक गोष्ट आपल्यापुढे ठेवावीशी वाटते. व्यापाऱ्याला हुंडीची मुदत समजते. कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुनी चौमासीपर्यंतचे चार महिने ही चिपळूणला मिळालेली मुदत आहे. नदी शांत असते, रस्ता कोरडा असतो, ऊन सोसवते. मगरीदेखील याच दिवसांत खाडीच्या काठावर ऊन खात पडतात. त्यांना ते परवडते, आपल्याला नाही. या महिन्यांत जे उरकले नाही, ते मृगाचा पाऊस उरकू देत नाही. आपण मात्र ही मुदत पुष्कळदा समारंभांत आणि कुरबुरींत घालवतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात तीन-चार गोष्टी नम्रपणे सुचवतो. पहिली, पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्या ज्येष्ठांना घरी पोहोचविण्यासाठी तरुणांनी आळीपाळीने जबाबदारी घ्यावी. त्याला चारचाकी आणि एक दूरध्वनी क्रमांक एवढेच भांडवल लागते. दुसरी, चातुर्मास संपताच साधू-साध्वीजींचे विहार सुरू होतात. अनवाणी पावलांनी महामार्गाच्या कडेने, घाटातून, सकाळच्या धुक्यात. वाहनचालकाला पांढरे वस्त्र धुक्यात दिसत नाही, हे कापडवाला म्हणून मी खात्रीने सांगतो. प्रत्येक विहारात मागे-पुढे चमकपट्टीचे जाकीट घातलेले आणि हातात विजेरी असलेले किमान दोघे असावेत. तिसरी, ब्लँकेट-वाटप आपण दरवर्षी करतो. ते जानेवारीअखेर, पाहुण्यांच्या सवडीने होते आणि तोवर थंडी निम्मी सरलेली असते. वीटभट्टीवर आणि रस्त्याच्या कामावर उघड्यावर झोपणाऱ्या कुटुंबांना ती कार्तिकातच मिळावीत, आणि फोटोविना मिळावीत. चौथी, आपल्या दुकानांमागची गटारे आणि पऱ्हे याच कोरड्या दिवसांत स्वखर्चाने साफ करावेत, आणि जुन्या वह्या, मंदिराचे दस्तऐवज, ग्रंथ कायमचे वरच्या मजल्यावर न्यावेत. नदीचा गाळ काढणे शासनाचे काम असेल, परंतु आपल्या पायरीखालचा गाळ आपलाच आहे.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. सभागृहाबाहेर वही ठेवली आहे. पहाटेची गाडी, विहार, ब्लँकेटे आणि गटारे अशी चार पाने तिच्यात आखली आहेत. भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपायचे असल्याने मी आपला अधिक वेळ घेत नाही. पंगतीला बसण्यापूर्वी ज्याला जे पान सोयीचे वाटेल, त्यावर त्याने आपले नाव लिहावे, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.