धनी कसा दिसतो?



कुत्र्यामांजरांविषयी माणसांनी पुष्कळ बोलून ठेवले आहे. कुत्रा इमानी, मांजर आपमतलबी. कुत्रा धन्याचा, मांजर घराचे. असे आपले निकाल कधीचेच लागून गेले आहेत. वाकड्या शेपटापासून तुटलेल्या शिंक्यापर्यंत म्हणींनाही तोटा नाही. पण या खटल्यात दुसऱ्या बाजूची साक्ष कोणी काढलीच नाही. ओसरीच्या पायरीशी पडलेल्या त्या कुत्र्याला आपण कसे दिसतो? चुलीपाशी ऊब घेत बसलेले ते मांजर आपल्याला कोण समजते? आज या दुसऱ्या बाजूविषयी मी आपल्याशी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, मुक्या जनावराची साक्ष काढायची तरी कशी? त्याला बोलता येत नाही हे खरे. पण त्याच्यापुढे एखादा पेच मांडावा, ते काय करते ते नीट पाहावे, तोच पेच आणखी दहावीस जनावरांपुढे मांडावा, म्हणजे उत्तर मिळते. गेल्या साठसत्तर वर्षांत, आणि विशेषतः २००० सालानंतर, निरनिराळ्या देशांतल्या संशोधकांनी हेच केले आहे. त्यांना मिळालेली काही उत्तरे आपल्या अंगणाशी आणि आपल्या मुलाबाळांच्या जिवाशी निगडित आहेत, म्हणून ती सांगावीशी वाटतात.

प्रथम इंद्रियांचे पाहू. आपण एकमेकांना तोंडावरून ओळखतो. कुत्र्याची पहिली खूण म्हणजे वास. वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात ५०-६० लाखांच्या घरात असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे कमीजास्त, त्या २०-३० कोटींपर्यंत असतात. तुम्ही आठवड्याचा बाजार करून घरी येता आणि कुत्रा तुमचे पाय, धोतराचा सोगा, हातातली पिशवी हुंगू लागतो. तुम्ही कोणाच्या बैलाला हात लावला, कोणाच्या दारातल्या कुत्र्याजवळून गेलात, पिशवीत बोंबील आहेत की नाहीत, हे त्याला न विचारता कळते. आपण वर्तमानपत्र वाचावे तसा तो आपल्याला वाचतो.

डोळ्यांची गोष्ट निराळी. कुत्र्याला रंग दिसतच नाहीत, असे पूर्वी समजत. १९८९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की त्याला निळा आणि पिवळा हे रंग कळतात. तांबड्याची आणि हिरव्याची मात्र त्याची गल्लत होते. म्हणजे आपले तांबडेभडक पागोटे त्याच्या लेखी मळक्या रंगाचे. बारीकसारीक तपशीलही त्याला आपल्याइतका स्पष्ट दिसत नाही; हालचाल मात्र तो झटकन टिपतो. म्हणूनच पावसात घोंगडीची खोळ घेऊन, मुकाट्याने, समोरून वारा येत असताना तुम्ही घराकडे आलात, तर घरचाच कुत्रा अंगावर भुंकत येतो. एक हाक मारली की तोच शेपूट हलवत पायांशी लोळण घेतो. तो लबाड नाही की खुळाही नाही. तुमचा वास आणि आवाज पोचेपर्यंत तुम्ही त्याच्या हिशेबी घरी आलेलेच नव्हता.

मांजराचे इंद्रियज्ञान शिकारीसाठी घडलेले. आपल्याला जितका उजेड लागतो त्याच्या सुमारे सहाव्या हिश्श्यात त्याचे काम भागते. माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा, आणि मांजराला ६०,००० च्याही वरचा. कणगीमागची उंदराची चीं चीं आपल्याला ऐकू येत नाही, त्याला येते. पण वीतभर अंतराच्या आतले मात्र त्याला नीट दिसत नाही. नाकासमोर टाकलेला माशाचा तुकडा ते हुंगत, मिशांनी चाचपत शोधते, त्याचे कारण हे.

हे झाले दिसण्याचे. पण आपण त्यांचे कोण लागतो?

कुत्र्याविषयीचा एक प्रयोग हंगेरी देशात बुडापेस्ट येथे झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. माणसांनी लहानपणापासून वाढवलेले लांडगे आणि पाळीव कुत्रे या दोघांपुढे मांस ठेवले. आधी ते मिळवता येत होते, मग ते मिळणारच नाही अशी व्यवस्था केली. लांडगे आपल्याच बळावर झटत राहिले. कुत्र्यांनी थोडा वेळ खटपट केली, आणि मग मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिले. लांडगा आणि कुत्रा एकाच कुळातले. पण अडले की माणसाकडे पाहावे, ही रीत कुत्र्याची. हजारो वर्षे आपल्या उकिरड्याशी, मेंढरांशी आणि शेकोटीशी राहून त्याने ती कमावली आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सापडले आहेत, ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. एवढा जुना हा शेजार आहे.

कोणी म्हणेल, ही परदेशी, शिकवलेल्या कुत्र्यांची कौतुके; आमच्या गावठी कुत्र्याला काय कळते? त्याचे उत्तर आपल्याच देशातून आले आहे. कोलकात्याच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्र आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यांपुढे झाकलेली दोन भांडी ठेवली आणि एकाकडे बोट दाखवले. पुष्कळशी कुत्री जवळच आली नाहीत. माणसाचा मार त्यांनी खाल्लेला असणार. पण जी आली त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के कुत्री दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. ज्या कुत्र्याला कोणी काही शिकवले नाही, ज्याला कोणी धनी नाही, तोही आपले बोट वाचतो.

आवाजही तो वाचतो. बुडापेस्टच्याच संशोधकांनी कुत्र्यांना मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात निश्चल पडून राहायला शिकवले आणि त्यांना कौतुकाचे शब्द ऐकवले. २०१६ साली त्यांनी सांगितले की शब्द कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा असेल, तरच मेंदूतला आनंदाचा भाग जागा होतो. कोरड्या सुरातली शाबासकी तिथवर पोचत नाही, आणि गोड सुरातला निरर्थक शब्दही पोचत नाही. शिक्षकमंडळींना हे निराळे सांगायला नको. वर्गातल्या पोरांचे तरी दुसरे काय असते?

आता मांजराकडे वळू. ते आपल्याला ओळखत नाही, हा समज खोटा आहे. जपानात आत्सुको साइतो या संशोधिकेने २०१३ साली दाखवले की मांजराला धन्याचा आवाज परक्याच्या आवाजापासून वेगळा कळतो. २०१९ साली तिनेच दाखवले की त्याला स्वतःचे नावही कळते. मांजर कान वळवते, मान फिरवते. उठून मात्र येईलच असे नाही! म्हणजे ऐकू आले, समजले, पण हजर झाले नाही. अशी माणसेही आपल्या परिचयाची असतात.

मांजर आपल्याला कोण समजते, याचा उलगडा त्याच्या वागण्यातूनच होतो. पिल्लू शेपूट उभे करून आईकडे धावते, तिला अंग घासते, दूध पिताना पायांनी लुचते. मोठे झालेले मांजर हेच सारे आपल्याशी करते: शेपूट उभे, पायांना अंग घासणे, घोंगडीवर पंजे मळणे. म्याँव म्याँव हीसुद्धा मुळात पिलाने आईला घातलेली साद. मोठी मांजरे एकमेकांशी फारशी म्यावत नाहीत, माणसापाशी म्यावतात. ब्रिटनमधले प्राणिशास्त्रज्ञ जॉन ब्रॅडशॉ यांचे मत असे की मांजर आपल्याला थोराड, काहीसे आईसारखे मांजरच समजते. त्याला आपमतलबी म्हणताना हे ध्यानात ठेवावे: आईकडे मागणाऱ्या पोराला आपण आपमतलबी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की. ही ओळख जन्माने येत नाही, ती लहानपणी व्हावी लागते. मांजराच्या पिलाला दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत, आणि कुत्र्याच्या पिलाला तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत माणसाचा हात लागला, तर माणूस त्याचा होतो. अमेरिकेत एका प्रयोगात कुत्र्याची पिले चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतात ती जवळजवळ रानटी निघाली. ज्यांना राखणीला कुत्रा आणि उंदरांना मांजर हवे, त्यांनी हे आठवडे वाया घालवू नयेत. रोज थोडा वेळ पिलाला हळुवार हाताळावे. पुढची दहा-बारा वर्षे त्याचे फळ मिळते.

आता ज्यासाठी मी हा सारा प्रपंच मांडला, ती गोष्ट. सकाळी सगळी शेतावर गेली. मागे कुत्र्याने टोपली पाडून भाकऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी धनी येतो, पाहतो, ओरडतो. कुत्रा कान पाडतो, नजर चुकवतो, शेपूट पायांत घालतो. धनी म्हणतो, "पाहा, याला आपला गुन्हा कसा कळतो!" आणि काठी घेतो.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी या 'अपराधी' चेहऱ्याची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २००९ साली आले. धन्याने कुत्र्याला खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावले आणि तो बाहेर गेला. काही कुत्र्यांनी खाल्ले, काहींनी खाल्ले नाही. पण परत आलेल्या धन्याला खरे काय घडले ते दर वेळी सांगितलेच असे नाही. कधीकधी निरपराध कुत्र्यालाही तो रागे भरला. काय दिसले? अपराधी चेहरा चोरीवर अवलंबून नव्हता, रागावण्यावर अवलंबून होता. ज्याने काहीच केले नव्हते तोही मान खाली घालीत होता. तो चेहरा गुन्ह्याच्या कबुलीचा नव्हे. धन्याच्या रागाला दिलेले ते उत्तर आहे.

म्हणजे संध्याकाळच्या त्या काठीने कुत्रा काय शिकला? भाकरी खाऊ नये, हे नव्हे. भाकरी सकाळीच संपली. तो एवढेच शिकला की धनी घरी येतो तेव्हा कधीकधी मार बसतो. आपल्या मनात न्याय होता, पण त्याला दिसला फक्त उगारलेला हात. चूक मोडायची असेल तर ती घडताना, त्याच क्षणी, एका शब्दात मोडावी. आणि टोपली उंचावर ठेवावी.

हा प्रश्न नुसत्या दयेचा नाही. हातांना भ्यालेला कुत्रा एक दिवस चावतो, आणि चावतो तो बहुधा काठीवाल्याला नव्हे. लाडाने गळ्यात हात टाकणाऱ्या पोराला चावतो. आपली मिठी म्हणजे प्रेम; पुष्कळ कुत्र्यांना ती पकड वाटते. टक लावून पाहणे म्हणजे त्यांच्या भाषेत आव्हान. गुरगुरणे ही त्यांची सूचना आहे, "दूर हो" अशी. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारले, तर तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

माणसाला होणारा पिसाळरोग जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातूनच येतो, आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्गात इतके तरी सांगावे: जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये. हात खाली सोडून, नजर वळवून स्थिर उभे राहावे. आणि चावलाच, नुसता ओरखडला तरी, घरी लपवू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही भरू नये. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. मार बसेल या भीतीने मूल चावा लपवते. कुत्र्यासारखेच मूलही आपला उगारलेला हात आधी पाहते.

शेवटी तो जुना प्रश्न उरतोच. हे सारे भाकरीसाठीच ना? कोलकात्याच्या त्याच संशोधकांनी बेवारशी कुत्र्यांबाबत हेही तपासले. काही कुत्र्यांना अनोळखी माणूस वारंवार खायला देई, काहींना नुसते डोक्यावरून कुरवाळी. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कुरवाळणाऱ्या हातावर कुत्र्यांचा विश्वास अधिक बसला. ज्यांना रोज उकिरड्यावर पोट भरावे लागते, त्यांची ही साक्ष आहे.

महाभारतात शेवटच्या वाटेवर धर्मराजाच्या मागे एक कुत्रा चालत राहिला. त्याला सोड, मग स्वर्गात ये, असे इंद्र म्हणाला. धर्मराजाने ऐकले नाही. त्या कथेत परीक्षा कुत्र्याच्या इमानाची नव्हती, माणसाची होती. आपल्या ओसरीवरही ती रोज चालूच असते. आपल्या मनात काय आहे हे त्या परीक्षकाला दिसत नाही. तो हात पाहतो, आवाज ऐकतो, आणि त्यावरूनच आपण कोण ते ठरवतो.