ओळखीचा चोर

बंगळूर शहराच्या उत्तरेस, विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हेब्बाळ नावाचा भाग आहे. एके काळी हे तळ्याकाठचे खेडे होते. तळे अजून आहे. परंतु त्याच्या शेजारून आता उड्डाणपूल गेला आहे, आणि थोड्याच अंतरावर, नागवाराच्या बाजूस, संगणकावर काम करणाऱ्या हजारो माणसांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. हेब्बाळची जुनी ओळख मात्र निराळी आहे. येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि गुराढोरांच्या रोगांवर लसी तयार करणारी सरकारी संस्थाही आहे. या कामाची परंपरा म्हैसूर संस्थानाच्या काळापासूनची. ज्या बुळकांडीने एके काळी गोठेच्या गोठे ओस पाडले, त्या रोगातून भारत २००६ साली मुक्त झाल्याचे जाहीर झाले, आणि २०११ साली साऱ्या जगातून तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

श्रोतेहो, 'विषाणू' हा शब्द आज हेब्बाळात दोन अर्थांनी उच्चारला जातो. लस तयार करणारा शास्त्रज्ञ तो एका अर्थाने वापरतो, तर शेजारच्या इमारतीतील संगणक-अभियंता दुसऱ्या. हे दोन अर्थ एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत. संगणकाच्या बाबतीत हे नाव १९८३च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाले. फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या कार्यक्रमात शिरून स्वतःची नक्कल करणारा एक कार्यक्रम करून दाखविला, आणि त्याचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी त्यास विषाणू म्हणावे असे सुचविले. नाव अगदी चपखल बसले. गुरांचा रोग बाजारातून, पाणवठ्यावरून, ओळखीच्या माणसाकडून विकत घेतलेल्या जनावरातून गोठ्यात येतो. संगणकाचा विषाणूही बहुधा ओळखीच्याच वाटेने येतो. त्या वाटेचे नाव ई-मेल, आणि वाटेचा नकाशा म्हणजे आपण जपून ठेवलेली पत्त्यांची वही.

हे प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसून आले ते २६ मार्च १९९९ रोजी. 'मेलिसा' नावाचा विषाणू वर्डच्या एका दस्तऐवजात दडून आला. दस्तऐवज उघडला, की तो आउटलुक या पत्रव्यवहाराच्या कार्यक्रमातील वही उघडी आणि तिच्यातील पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःची प्रत धाडी. पत्रावर नाव त्या संगणकाच्या मालकाचे. घेणाऱ्यास वाटे, अमक्याने महत्त्वाचा कागद पाठविला आहे. पुढच्या वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपीन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा दुसरा विषाणू निघाला. त्याने पन्नासांवर समाधान मानले नाही. वहीतील प्रत्येक पत्त्यावर त्याने प्रेमपत्र धाडले. काही तासांत तो जगभर पोहोचला. ब्रिटिश पार्लमेंटला आपली ई-मेल-व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. ज्याच्यावर संशय होता त्या तरुणावर फिलिपीन्समध्ये खटला चालू शकला नाही, कारण अशा कृत्यासाठी त्या देशात तेव्हा कायदाच नव्हता. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला, आणि दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणे हे त्याच्या ४३व्या कलमाखाली येते.

या प्रेमपत्राची युक्ती मोठी साधी होती. सोबतच्या फाइलीच्या नावाचा शेवट साध्या मजकुराच्या फाइलीसारखा दिसे. परंतु त्यापुढे आणखी एक शेपूट होते, आणि विंडोज ते शेपूट सहसा दाखवीत नसे. पत्र समजून जे उघडले जाई, तो प्रत्यक्षात चालता कार्यक्रम असे. आपल्यात म्हण आहे, 'ओळखीचा चोर जीवे न सोडी'. येथे चोर अनोळखी होता, पण ओळखीच्या माणसाचा अंगरखा घालून तो दारात उभा राहिला, आणि लक्षावधी सुशिक्षित माणसांनी कडी काढली.

भीती पसरली, की तोडगेही पसरतात. त्या सुमारास एक तोडगा पत्रापत्रांतून फिरत होता. पत्त्यांच्या वहीत सर्वांच्या वर येईल असे एक खोटे नाव घालावे, आरंभी शून्ये किंवा एकाच अक्षराची माळ लिहावी, आणि पत्ता खोटाच द्यावा. विषाणू पहिले पत्र तेथे पाठवील, ते परत येईल, पुढची पत्रे अडतील आणि मालकास सुगावा लागेल, असा त्यामागील समज होता. दारावर लिंबू-मिरची टांगण्याइतकेच त्याचे सामर्थ्य. एक तर विषाणू वही पहिल्या नावापासूनच वाचील असा नियम नाही. दुसरे असे, की एक पत्र परत आल्याने बाकीची थांबत नाहीत. परत येणारे पत्र येते तोवर इतर केव्हाच पोहोचलेली असतात. आणि तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. २००३ मधील 'सोबिग' आणि २००४ मधील 'मायडूम' यांसारखे पुढचे विषाणू केवळ वहीवर अवलंबून राहिले नाहीत. संगणकात साठलेल्या फाइलींतून ते पत्ते वेचून काढीत, पत्रे पाठविण्याची यंत्रणा स्वतःबरोबरच आणीत, आणि पत्रावर मालकाऐवजी भलत्याच कोणाचे नाव घालीत. त्यामुळे ज्याच्या नावाने पत्र आले त्याचा संगणक अनेकदा निरोगी असे, आणि दोष मात्र त्याच्या माथी येई.

याहून चमत्कारिक प्रकार २००१ साली घडला. 'सल्फनबीके' नावाची फाइल आपल्या संगणकात आढळल्यास ती विषाणू समजून पुसून टाका, आणि ही सूचना सर्व ओळखीच्यांना कळवा, असे पत्र देशोदेशी फिरले. लोकांनी शोध घेतला, फाइल सापडली, आणि त्यांनी ती पुसली. प्रत्यक्षात ती विंडोजचीच एक निरुपद्रवी फाइल होती. विषाणूने जे करावयाचे ते येथे माणसांनी आपल्या हातांनी केले, आणि तेही शेजारधर्म म्हणून. यास्तव, 'सर्वांना कळवा' असे सांगणारी कोणतीही सूचना पुढे धाडण्यापूर्वी थांबावे, हा पहिला धडा.

आपल्या मराठी माणसांचाही या लढाईत वाटा आहे. पुण्यात कैलास आणि संजय काटकर हे बंधू यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातून पुढे आले. दुरुस्तीस येणारे संगणक विषाणूंनी बाधित असत. धाकट्या भावाने त्यांच्यावर उतारा म्हणून कार्यक्रम लिहिला, आणि १९९०च्या दशकात त्यातूनच 'क्विक हील' हे नाव उदयास आले. आज विंडोजमध्ये असा संरक्षक कार्यक्रम आरंभापासूनच असतो. मात्र लस टोचून घेतली म्हणून कोणी गटारातील पाणी पीत नाही. बाह्य संरक्षण असले तरी पथ्य सुटत नाही.

ते पथ्य आता थोडक्यात सांगतो. ई-मेलचा कार्यक्रम आणि संगणकाची मूळ प्रणाली यांच्या सुधारणा येतील तेव्हा त्या लांबणीवर टाकू नयेत, कारण बहुतेक सुधारणा कोठे तरी उघडे राहिलेले भगदाड बुजविण्यासाठीच असतात. फाइलींच्या नावांची शेपटे पूर्ण दिसतील अशी सोय करून घ्यावी. न मागता आलेला दस्तऐवज उघडल्यावर तो 'मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या' असे म्हणू लागला, तर परवानगी देऊ नये; मेलिसाचे वंशज याच परवानगीची वाट पाहत असतात. इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील असे छुपे कार्यक्रम मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपण होऊन अडविण्यास आरंभ केला, ही चांगली गोष्ट झाली. पण अडसर काढणारा हात शेवटी आपलाच असतो. ई-मेलचा परवलीचा शब्द इतर कोठेही वापरू नये, आणि त्याच्या जोडीस दुसरी खूण मागण्याची व्यवस्था सुरू करावी. म्हणजे शब्द चोरीस गेला तरी दार सहजासहजी उघडत नाही.

पत्त्यांच्या वहीविषयी दोन गोष्टी विशेष. आपली वही आपण सांभाळली तरी आपला पत्ता इतर शेकडो लोकांच्या संगणकांत असतो. मंडळाच्या गणेशोत्सवाचे निमंत्रण शंभर जणांना पाठविताना सारे पत्ते उघड लिहिले, तर त्या शंभरांपैकी एकाचाही संगणक बाधित असल्यास सर्वांचे पत्ते चोराच्या हाती जातात. प्रत्येक ई-मेल-कार्यक्रमात पत्ते झाकून पाठविण्याची सोय असते. ती वापरणे हा शिष्टाचार समजावा. दुसरे, वहीची एक प्रत निराळ्या ठिकाणी उतरवून ठेवावी, आणि जवळच्या वीस-पंचवीस माणसांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. संकटाच्या वेळी संगणक उघडता येत नाही; कागद येतो.

कारण आजचा चोर केवळ प्रती पाठवून थांबत नाही. 'इमोटेट' नावाचा विषाणू लोकांचा जुना पत्रव्यवहार चोरी, आणि चालू असलेल्या संवादातच उत्तर म्हणून आपले पत्र घुसवी. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याची यंत्रणा मोडली, तरी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो पुन्हा डोके वर काढू लागला. आता कल्पना करा. पुण्यातील एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांना हेब्बाळला राहणाऱ्या पुतण्याच्या पत्त्यावरून पत्र येते. त्यात मागच्या महिन्यातील खरा मजकूर आहे, काकूंच्या शस्त्रक्रियेची चौकशी आहे, आणि शेवटी लिहिले आहे, "काका, मी अडचणीत आहे, फोन बंद आहे, तेवढी रक्कम या खात्यावर पाठवा." पत्त्यात खोट नाही, भाषेत खोट नाही. खोट एकाच गोष्टीत आहे: पत्र पुतण्याने लिहिलेले नाही. ते ओळखण्याचा उपाय एकच. पत्रातील क्रमांकावर नव्हे, आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तो लागला नाही, तर घरातील दुसऱ्या कोणास विचारावे, आणि आवाज ऐकल्यावाचून पैसे पाठवू नयेत. यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. पुतण्यानेही काकांना तसे आधीच सांगून ठेवावे.

आणि बाधा झालीच तर? संगणक प्रथम इंटरनेटपासून तोडावा. दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून परवलीचा शब्द बदलावा, आणि अन्यत्र उघडी असलेली आपली सर्व खाती बंद करावीत. आपली पत्रे गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची काही व्यवस्था कोणी करून ठेवली आहे काय, हे अवश्य पाहावे. शब्द बदलला तरी हा चोरदरवाजा उघडा राहू शकतो. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम मध्येच अडविता येण्याचा संभव अधिक असतो. बाधित यंत्र स्वच्छ करण्याची मोफत साधने सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ने २०१७ पासून उपलब्ध केली आहेत.

एक गोष्ट मात्र संकोचाने राहून जाते, आणि तीच सर्वांत तातडीची असते. आपल्या वहीतील माणसांना लगेच कळवावे, की माझ्या नावाने आलेले पत्र उघडू नका. फसलो हे सांगावयाची लाज वाटते. गुरांची साथ लपविणारा शेतकरी आपले जनावर वाचवू शकत नाही आणि शेजाऱ्याचा गोठाही गमावतो. पत्त्यांची वही आपल्या संगणकात असली, तरी तीतील प्रत्येक नाव कोणी तरी विश्वासाने आपल्यापाशी दिलेले असते. तो विश्वास सांभाळावयाचा, तर कळविण्यात एक तासही दवडू नये.