बिऱ्हाडाला रंग

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ असे दोन शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. घर असते, बिऱ्हाड करतात. घर गावाकडे असते, बिऱ्हाड नोकरीच्या ठिकाणी. घर बांधावे लागते. बिऱ्हाड थाटले की झाले आणि मोडले की संपले. ‘घर पाहावे बांधून’ असे बजावणाऱ्या आपल्या पूर्वजांनी बिऱ्हाडासाठी ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे म्हणून ठेवले आहे. आणि दिल्लीत नोकरीनिमित्त आलेला मराठी माणूस तर बहुधा बिऱ्हाडकरूच असतो. तो तीन वर्षांसाठी म्हणून येतो, तेरा वर्षे राहतो, आणि पुष्कळदा निवृत्तीचे कागद हाती पडल्यावरच परत जातो; पण मनाने तो पहिल्या दिवसापासून पुण्याच्या किंवा नागपूरच्या गाडीची वाट पाहत असतो. त्यामुळे दिल्लीच्या भिंतीत एक खिळा ठोकणेही त्याच्या जिवावर येते.

करोल बागेत अशी कितीतरी बिऱ्हाडे मी पाहिली आहेत. बाहेरच्या खोलीत चादर घालून झाकलेल्या दोन ट्रंका, प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, आधीच्या भाडेकरूच्या कॅलेंडराने मागे ठेवलेला पांढरट चौकोन, आणि पावसाळ्यात फुगून आलेले भिंतीचे पोपडे. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘जागा आपली थोडीच आहे? गावाकडे घर झाले की काय ते नीट करू.’ या उत्तरात काटकसर आहे हे खरे. पण तीत एक हिशेब धरायचा राहून गेलेला असतो. या खोलीत मुलगी पहिलीत जाते आणि याच खोलीतून एक दिवस कॉलेजात जाऊ लागते. वडील जिला तात्पुरती जागा म्हणतात, ती तिच्या लेखी सारे बालपण असते. गावाकडचे घर उभे राहील तेव्हा ती त्यात पाहुणी म्हणून जाईल. तेव्हा प्रश्न भिंतीच्या रंगाचा आहे तसाच तो या मुलीचाही आहे.

ज्या मोहल्ल्यात आपण हे बोलत आहोत, त्याचा इतिहासच मुळी बिऱ्हाडांचा आहे. नवी दिल्ली उभारली जात असताना, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार या वस्त्यांतील लोकांना उठवून या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या जागी आणले गेले. अलीगढहून १९२५ मध्ये दिल्लीत आलेली जामिया मिलिया इस्लामिया ओखल्याला स्वतःच्या जागेत जाईपर्यंत या करोल बागेतच नांदली. पुढे १९४७ आले. येथील बहुसंख्य मुसलमान कुटुंबांना घरदार टाकून जावे लागले, आणि पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेली माणसे त्या घरांत आली. कोणाच्या तरी खाटेवर कोणीतरी निजले, कोणाच्या तरी पेटीत कोणीतरी आपले कपडे ठेवले. जुन्या सामानाची चर्चा हौसेने करताना ही गोष्ट मनाच्या एका कोपऱ्यात असू द्यावी. त्या निर्वासितांपैकी फारच थोड्यांना आपण येथे कायमचे राहणार आहोत असे तेव्हा वाटले असेल. पण त्यांनी भिंतींना चुना लावला, पडदे टांगले, आणि अजमल खाँ रोडवर दुकाने मांडली.

थोड्या पैशांत राहती जागा उजळावयाची तर आरंभ भिंतीपासून करावा, आणि भिंतीचा आरंभ ओलीपासून. हे लोकांना पटत नाही. रंगाच्या दुकानात गेले की ते छटांचे पुस्तक मागतात. ओल कोठून येते हे पाहण्यासाठी गच्चीवर कोणी जात नाही. करोल बागेतील जुन्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून असतात. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचे पाणी खालच्या बैठकीत उतरते. तळमजल्यावर जमिनीतील ओल वर चढते व विटांना खार फुटतो. अशा भिंतीवर कितीही भारी रंग चढवा, एका पावसाळ्यात तो पापडासारखा सुटून येईल. म्हणून आधी गळणारा नळ दुरुस्त करावा, फुगलेला गिलावा खरवडून काढावा, भिंत पूर्ण सुकू द्यावी, मग भेगांत लांबी भरावी, पॉलिश पेपरने घासावी (या कागदाला येथील कारागीर रेगमाल म्हणतात), अस्तराचा एक हात द्यावा, आणि त्यानंतरच रंगाचा डबा उघडावा. रंगारी जी मजुरी घेतो तिचा मोठा भाग या अदृश्य कामाचा असतो. तेवढ्यात काटछाट करणारा मनुष्य रंगाचे पैसे भिंतीत पुरतो.

तळमजल्याच्या ओलसर खोलीला तर महागड्या प्लॅस्टिक रंगापेक्षा आपला जुना चुनाच अधिक मानवतो, असे माझे मत आहे. चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा घट्ट होतो; भिंतीतील ओलीला तो बाहेर पडू देतो; आणि क्षारधर्मी असल्यामुळे बुरशीला थारा देत नाही. त्यात नीळ किती घालावी हे ज्याला कळते तो रंगारी खरा. दोष एकच, तो अंगाला लागतो. त्यावर एक जुना तोडगा आहे. आमच्या सरकारी कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत कमरेइतक्या उंचीपर्यंत तैलरंगाचा गडद पट्टा असतो. त्याची थट्टा पुष्कळ झाली आहे, पण तो काढणारा मनुष्य शहाणा होता: हात, पाठी आणि खुर्च्या जेथपर्यंत पोहोचतात तेथपर्यंत धुता येणारा रंग, वर साधा स्वस्त रंग. मुलांच्या खोलीत साडेतीन-चार फुटांपर्यंत असा पट्टा, मात्र कचेरीच्या रंगाचा नव्हे, देऊन पाहावा.

छटा निवडताना दुकानातील दिव्यावर विश्वास ठेवू नये. येथील घरे अरुंद आणि खोल. पुष्कळदा उजेड येतो तो रस्त्याच्या एका बाजूने किंवा वरच्या मजल्यांच्या लोखंडी जाळीतून गाळून येतो. स्वच्छ पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार-पंचमांश परत देते, तर गडद निळी किंवा तांबडी भिंत त्यातला बहुतेक गिळून टाकते. तेव्हा छत पांढरेच असावे, आणि ज्या भिंतीवर उजेड पडतो तीही फिकी असावी. रंगाची हौस खिडकीच्याच भिंतीवर किंवा दारांवर भागवावी. साधा हिशेब सांगतो. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीच्या चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दारे-खिडक्या वजा जाता ३८० च्या आसपास उरतात. साध्या इमल्शनचे दोन हात धरले तर एका लिटरात शंभर-सव्वाशे चौरस फूट निघतात. म्हणजे चार लिटरांचा एक डबा पुरे. लोक घाबरून दहा लिटर आणतात आणि उरलेला रंग माळ्यावर वाळून जातो.

दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाही, आणि मिळालाच तर घाईत असतो. पौषातील धुक्यात हात लवकर वाळत नाही. वैशाखात आंधी येऊन ओल्या भिंतीवर धूळ थापते. होळीच्या मागचे-पुढचे दिवस त्या मानाने फार चांगले. भाड्याच्या जागेत मालकाची परवानगी आधी घ्यावी, आणि ती कागदावर घ्यावी. रंगाचा खर्च भाड्यात वळता करून देणारे मालक अगदीच दुर्मिळ नाहीत, पण काम झाल्यावर विचारले तर ते दुर्मिळ होतात.

आता सामानाकडे वळतो. नव्या लाकूडसामानासाठी मेट्रोने चार स्थानकांवर कीर्तिनगर आहे. कॅनॉट प्लेसच्या बाजूला पंचकुइयाँ मार्ग आहे. जुने सामान डागडुजी करून विकणारी दुकाने दक्षिणेकडे अमर कॉलनीत आहेत. याखेरीज गल्लोगल्ली ओरडत जाणारा कबाडी आहेच. परीक्षा संपल्या आणि बदल्यांचे हुकूम निघाले की चैत्र-वैशाखात सबंध दिल्लीभर बिऱ्हाडे मोडली जातात. घेणाऱ्याचा हंगाम तो.

जुने का घ्यावे? केवळ स्वस्त म्हणून नव्हे. आज अल्प किंमतीत मिळणारे नवे कपाट बहुधा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे असते. वरचा कागद सुरेख असतो, पण पाणी लागले की फळी फुगते, आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. म्हणजे ज्याला दर चार वर्षांनी सामान उकलून दुसरीकडे न्यायचे आहे, त्याच्या ते उपयोगाचे नाही. उलट अस्सल लाकडाचे जुने टेबल, ज्याचे सांधे लाकडात खाच पाडून तीत दुसऱ्या लाकडाचे टोक बसवून केलेले आहेत, ते दहादा हलवले तरी पुन्हा सरस भरून उभे करता येते. बिऱ्हाडकरूला टिकाऊ वस्तूची गरज घरवाल्याहून अधिक आहे.

तरीपण जुने ते सगळेच सोने नसते. वस्तू उलटी करून पाहावी. वरून दुकानदार पॉलिश देतो, खालून देत नाही. खण पूर्ण बाहेर काढावा. कडेवर लाकडाची रेघ वरून खाली सलग उतरत असेल तर लाकूड अस्सल. कडेला निराळी पट्टी चिकटवलेली दिसली तर भाव अर्धा करावा. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पडलेला ताजा पिठासारखा भुसा दिसला तर आत किडा जिवंत आहे; तेथून चालते व्हावे. गादी आणि कापडाने मढवलेला सोफा जुना घेऊच नये, कारण त्याबरोबर येणाऱ्या ढेकणांची किंमत पावतीवर लिहिलेली नसते. लोखंडी कपाटाचा तळ तेवढा पाहावा. वरवरचा गंज घासून काढून रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर तैलरंग दिला की ते आणखी एक पिढी चालते.

शब्दांचाही येथे थोडा घोटाळा होतो. दिल्लीचा दुकानदार ‘शीशम’ म्हणतो तेव्हा मराठी मनापुढे आजोबांच्या घरातला शिसवी झोपाळा उभा राहतो. ही दोन्ही झाडे एका कुळातली, पण एक नव्हेत. आपले शिसवी लाकूड दक्षिणेकडचे, जांभळट काळे. येथला शीशम उत्तरेकडील नद्यांच्या काठचा, सोनेरी तपकिरी आणि काळसर रेघांचा. तोही उत्तम असतो. फक्त शिसवीचा भाव देऊन तो घेऊ नये.

जुन्या वस्तूंची पारख नसली म्हणजे काय होते, याचे फार मोठे उदाहरण चंडीगढचे आहे. नवी राजधानी वसवताना ल कॉर्ब्युझिए याचा चुलत भाऊ पिएर जानेरे याच्या देखरेखीखाली तेथील कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेत यांच्या साध्या खुर्च्या करवून घेतल्या गेल्या. पुढे त्या झिजल्या. सरकारी कचेरीत अशा वेळी काय होते ते मला चांगले ठाऊक आहे: समिती बसते, यादी होते, ‘निरुपयोगी’ असा शेरा पडतो आणि भंगाराच्या भावाने लिलाव होतो. त्या खुर्च्या परदेशी व्यापाऱ्यांनी नेल्या, वेत नवा विणला, लाकडाला पॉलिश केले, आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांना लाखांनी रुपये येऊ लागले. शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांच्या विक्रीला मनाई करणारा आदेश काढावा लागला. आपल्या गल्लीतल्या कबाड्याच्या हातगाडीवर तशी खुर्ची सापडेल असे मी म्हणत नाही. पण वेत तुटला म्हणून सागवान फेकून देणारे लोक केवळ कचेऱ्यांतच असतात असेही नाही.

एका बाबतीत मात्र काटकसर आणि हौस दोन्ही बाजूला ठेवली पाहिजेत. जुन्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असू नये, हा आपल्याकडील नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्यापूर्वी रंगवलेली खुर्ची किंवा दार संशयास्पदच समजावे. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ जमिनीवर बसते, आणि रांगणारे मूल ती हातांनी तोंडात घालते. शिशाने मुलांच्या मेंदूची जी हानी होते ती भरून येत नाही. म्हणून जुना रंग पाण्याने भिजवून, ओल्या कागदानेच घासावा. तो जाळून काढू नये. काम गच्चीवर करावे, मुलांना दूर ठेवावे, आणि खाली पसरलेली वर्तमानपत्रे गुंडाळून टाकावीत. जुना रंगीत पाळणा कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाकडे पुस्तकांचे एक उघडे कपाट आहे. करोल बागेतीलच एका मराठी बिऱ्हाडाने ते बदलीच्या वेळी दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला. या कुटुंबाकडे ते आले तेव्हा आकाशी रंगाचे होते. गेल्या फाल्गुनात नवराबायकोने ते गच्चीवर नेऊन ओल्या कागदाने घासावयास घेतले. आकाशीखाली बदामी निघाला, बदामीखाली कचेरीतला हिरवा, आणि हिरव्याखाली शीशम. त्यांनी त्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पॉलिश केले. मागच्या बाजूचा एक कोपरा, हाताच्या पंजाएवढा, त्यांनी न घासता तसाच ठेवला आहे. त्यात चारी थर ओळीने दिसतात, आणि त्यावर वार्निशाचा एक हात तेवढा दिलेला आहे. कपाट आता खिडकीजवळ उभे असते. खालच्या दोन फळ्या मुलीच्या आहेत.