चार अक्षरांचे कुलूप

चेन्नईच्या अण्णा सालैपासून, म्हणजे पूर्वीच्या माउंट रोडपासून, जवळच रिची स्ट्रीटचा बाजार आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडचा जो लौकिक, तोच दक्षिणेत या गल्ल्यांचा. सुटे भाग, तारा, सोल्डरची रिळे, सारे येथे मिळते. प्रथमच सोल्डरिंग आयर्न हाती धरणाऱ्या नवशिक्याला एकच गोष्ट येथे विकत मिळत नाही, ती म्हणजे हाताची सवय.

अशा नवशिक्याला मोह पडतो तो जुन्या गेम कन्सोलचा. सोनी कंपनीचे पहिले प्लेस्टेशन १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीस आले. त्यात एक चमत्कारिक कुलूप होते. मूळ तबकडीच्या आतल्या कडेजवळील रेषेला सूक्ष्म हेलकावा दिलेला असे व त्यात चार अक्षरांचा संकेत दडविलेला असे. जपानचा संकेत एक, अमेरिकेचा दुसरा, युरोपचा तिसरा. घरी केलेल्या नकलेत हा हेलकावा उतरत नसे. म्हणून यंत्र ती नाकारी. परंतु जपानात दाम मोजून घेतलेली अस्सल तबकडीही युरोपच्या यंत्रात चालत नसे. आठ पायांची एक इवलीशी चिप आत जोडली, की ती ही चार अक्षरे यंत्राच्या कानी घाली आणि कुलूप निमूटपणे उघडे.

ही चिप जोडणे म्हणजे काही बारीक तारांना सर्किट बोर्डावर डाख देणे. नवशिका आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवितो आणि तो थेंब सांध्यावर टेकवितो. थेंब चकाकतो, पण खाली धरत नाही. खरी रीत उलटी आहे. आधी तार आणि तिच्याखालचा तांब्याचा ठिपका, दोन्ही तापवावीत. मग सोल्डर सांध्याला लावावे, म्हणजे ते आपोआप पसरते. कल्हईवालाही भांडे तापल्यावाचून कथिल लावीत नाही. त्याचा नवसागर धातूवरील मळ काढतो. येथे ते काम राळ करते. ६३ भाग कथिल व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. आयर्नचे टोक त्याहून पुष्कळ तप्त असते. ते क्षणभर अधिक रेंगाळले, तर तांब्याचा ठिपकाच बोर्डापासून सुटतो आणि मग तो पूर्ववत् बसत नाही. म्हणून पहिला सराव मोडक्या रेडिओच्या बोर्डावरच करणे शहाणपणाचे.

सांधा जमला, तरी प्रश्न उरतोच. तीच चिप परदेशी अस्सल तबकडीला वाट देते आणि चोरट्या नकलेलाही. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने २००५ साली तेव्हाच्या कायद्याचा अर्थ लावून सोनीच्या विरुद्ध निकाल दिला. भारतात २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. या कलमात महत्त्वाचा शब्द आहे तो ‘हेतू’.

विकत घेतलेले यंत्र उघडून पाहण्याची जिज्ञासा ही कारागिरीची जननी होय. तिला चोरी म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण खेळ रचणाऱ्याचे श्रमही त्या तबकडीत साठलेले असतात. डाख कोठे द्यावा, हे हात सरावाने शिकतो. कशासाठी द्यावा, हे मात्र आयर्न तापण्यापूर्वीच ठरवावे लागते.