कलेतिहासाचं पुस्तक शोधताना

नागपूरच्या श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाचा वाराणसीतला मुन्शी घाट अनेकांनी पाहिला असेल. त्यावरचा दगडी महाल, त्याचं शिल्पकाम यांविषयी वाचावंसं वाटलं, तर बनारस हिंदू विश्वविद्यालयाचं सयाजीराव गायकवाड ग्रंथालय गाठावं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या देणगीतून ही भव्य वास्तू उभी राहिली.

मात्र कलेतिहासाची पुस्तकं एकाच कपाटात सापडत नाहीत. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीच्या ग्रंथालयात कलेचा वर्ग ७०० पासून सुरू होतो. त्यात भारतीय कलेचा इतिहास ७०९.५४ वर, स्थापत्य ७२० मध्ये, शिल्प ७३० मध्ये आणि चित्रकला ७५० मध्ये असते. घाटांचा इतिहास मात्र ९५४ मध्ये, तर मूर्ती आणि दैवतांविषयीची पुस्तकं २९४.५ मध्येही मिळू शकतात. म्हणून ग्रंथालयाच्या सूचीत लेखकाच्या नावाबरोबर विषयानेही शोधा. ‘बनारस’, ‘वाराणसी’ आणि ‘काशी’ ही तिन्ही नावं वापरून पाहा. एक चांगलं पुस्तक हाती आलं, की त्याची संदर्भसूची वाचा आणि त्याच्या शेजारची पुस्तकंही चाळा.

बनारस हिंदू विश्वविद्यालयातच भारत कला भवनही आहे. राय कृष्णदास यांनी १९२० मध्ये स्थापन केलेल्या या संग्रहालयात लघुचित्रं आणि शिल्पं प्रत्यक्ष पाहता येतात. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांनी पडताळलं, की अभ्यास पक्का होतो. आणि कुठे अडलात, तर ग्रंथपालांना निःसंकोच विचारा.