चढणीवरची सायकल

सावद्याहून उत्तरेस तोंड करून निघालेल्या सायकलस्वारास खिरोद्यापर्यंत चढ म्हणून फारसा ठाऊक होत नाहीं. दोहों बाजूंस केळीच्या बागा, मध्यें तापीखोऱ्याची सपाट जमीन. पायडल आपणच फिरतें असें वाटतें. पुढें सातपुडा उभा राहतो, पालचा रस्ता डोंगरांत शिरतो, आणि सपाटीवर मिळविलेली ऐट पहिल्या वळणाशींच गळून पडते.

हा दोष सर्वस्वीं पायांचा नव्हे. स्वार व सायकल मिळून 80 किलो वजन धरावें, आणि 100 मीटरांस 10 मीटर असा चढ. ताशीं 6 किलोमीटर या मंद गतीनेंहि दर मिनिटास तें ओझें 10 मीटर, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवर, पोंचवावें लागतें. जुनी बिनगिअरची सायकल पायडलाच्या एका फेऱ्यांत 5 मीटरांहून अधिक पुढें जाई. या गतीस मिनिटाला जेमतेम वीस फेरे, आणि प्रत्येक फेरा उभ्यानें रेटावयाचा. वडील मंडळी चढ येतांच उतरून सायकल हातीं धरीत, तें शहाणपणच होतें. डोंगरी सायकलीस पुढें 30 व मागें 42 दांते असले, तर ती एका फेऱ्यांत दीड मीटरच सरकते. फेरे साठांवर जातात, पण प्रत्येक फेरा हलका होतो.

गिअरची ही सोय कमीपणाची मानणारेहि होऊन गेले. 'टूर द फ्रान्स' या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनीं ती मुख्य स्पर्धकांपासून दूर ठेविली. 1937 सालीं ती त्यांस मिळाली. आल्प्स पर्वतास स्वारांच्या अभिमानाचें कांहीं वाटलें नसावें.

गिअर हलका करावयाचा तो चढ लागण्यापूर्वीं. पाय भारानें दाबीत असतां बदलावयास गेलें कीं चेन कडकडते, प्रसंगीं निसटतेहि. नवखा स्वार पुष्कळदां येथेंच पडतो.

दुसरी गोष्ट तोलाची, आणि खरी परीक्षा तिचीच. फाल्गुनांत सागाचीं वाळलेलीं पानें वाटेवर पसरतात व त्यांखालीं मोकळा मुरूम असतो. अशा जागीं उभें राहून जोर केला, तर मागच्या चाकावरील भार उणा होऊन तें जागच्या जागीं फिरतें. मागें रेलून बसलें, तर पुढचें चाक उचलतें. म्हणून सीटच्या पुढच्या टोंकाशीं सरकावें, छाती हँडलाकडे वांकवावी, कोपरें खालीं ठेवावीं. टायरांत हवा किंचित् कमी असली तर चाक मातीस अधिक धरून राहतें. दृष्टि धोंड्यावर न ठेवतां त्याच्या पलीकडील वाटेवर ठेवावी. सायकल बहुधा दृष्टीमागें जाते.

श्वास लागून एक वाक्यहि पुरें बोलतां येईनासें झालें, तर गति उतरवावी. छातींत कळ किंवा डोळ्यांपुढें अंधेरी आली, तर तत्क्षणीं उतरून सावलींत बसावें. खानदेशचा वैशाख जिवावर बेततो. त्या दिवसांत पहांटेसच निघावें.

थांबल्यावर पुनः निघतांना दोन्ही ब्रेक दाबून, एक पायडल वर व किंचित् पुढें आणून, ब्रेक सोडतांच त्यावर भार द्यावा. निर्जन पायवाटेवर सायकल थोडी आडवी वळवून निघणें सोपें जातें. डांबरी घाटांत मात्र असें नागमोडी चालूं नये. वळणापलीकडून येणाऱ्या मोटारीस स्वार अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाहीं.